चला, समुद्रमंथनाच्या देशा!

मैत्रिणींनो, समुद्रमंथन दगडात कोरलेलं पाहायचंय? मग कंबोडियाला चला! बाराव्या शतकात राजा दुसरा सूर्यवर्मन याने अंकोरवाट हे विष्णुमंदिर उभारले. पूर्वेकडील भिंतीवर देव-दानव वासुकीला ओढताहेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. खांदे-गुडघे झाकणारे सुती कपडे घ्या. पायऱ्या उभ्या चढाच्या, म्हणून साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा. शाकाहारी असाल तर आधीच बजावा. भाजीतसुद्धा माशांचा रस घालतात!

पण नुसती देवळे पाहून परतू नका. राजधानी नॉम पेन्हमधील एका शाळेचा ख्मेर रूज राजवटीत (१९७५-७९) तुरुंग झाला. तिथे कैद्यांचे फोटो आहेत, त्यांत बायका-मुलंही. हे हलाहल पचवलेली माणसं आपल्यासारखेच हात जोडून स्वागत करतात. आपणही मनापासून जोडावेत.