प्रचाराची भाषा – भाग ४ : नाव न घेता केलेला वार

गेल्या भागात आपण घोषणांचा विचार केला. या वेळी एकाच जाहिरातीकडे नीट पाहू. ती एका मिनिटाची होती, पैसे भरून फक्त एकदाच दाखवली गेली, आणि तिच्यात प्रतिस्पर्ध्याचं नाव कुठेच नाही.

७ सप्टेंबर १९६४. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीची रणधुमाळी सुरू होती. डेमोक्रॅटिक पक्षाकडून तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन उभे होते, समोर रिपब्लिकन बॅरी गोल्डवॉटर. त्या रात्री एनबीसीवर सिनेमा चालू असताना जॉन्सन यांची जाहिरात लागली. एक चिमुरडी डेझीच्या फुलाची एकेक पाकळी खुडत आकडे मोजते आहे. पाचानंतर एकदम सात म्हणते, मग सहा, पुन्हा सहा. लहान मुलं मोजताना चुकतात तशीच चुकते. ती नऊवर पोचते आणि एक रुक्ष पुरुषी आवाज दहापासून उलटे आकडे म्हणू लागतो. मुलगी मान वर करते, चित्र तिथेच थिजतं, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या बाहुलीत शिरतो. शून्य म्हणताच पडदाभर अणुस्फोट. त्यावर जॉन्सन यांचा गंभीर आवाज, आणि अखेरीस ३ नोव्हेंबरला मतदानाला येण्याची विनंती.

ही जाहिरात डॉयल डेन बर्नबाक या संस्थेची, आणि तिच्यामागे ध्वनीचे जाणकार टोनी श्वार्ट्झ होते. प्रेक्षकाच्या मनात जे आधीच आहे, त्यालाच हात घालावा, असं श्वार्ट्झ मानत. मनात काय होतं? ऑक्टोबर १९६२चं क्यूबाचं संकट, जेव्हा अणुयुद्ध दाराशी आलं होतं. अणुचाचण्यांमधून दुधात उतरणाऱ्या किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियमची धास्ती. आणि खुद्द गोल्डवॉटर यांची वक्तव्यं : छोटी अण्वस्त्रं वापरण्याचा अधिकार नाटोच्या सेनानींकडे द्यावा असं ते बोलले होते, १९६३च्या अणुचाचणीबंदी करारावर सिनेटमध्ये त्यांनी विरोधात मत दिलं होतं.

हे सगळं खरं होतं, त्यावर टीका करणं रास्तच होतं. पण ‘हा माणूस तुमच्या लेकरांवर अणुबॉम्ब ओढवून घेईल’ हा निष्कर्ष जाहिरातीत कोणीच बोलत नाही. तो प्रेक्षक स्वतः काढतो आणि म्हणून त्याला तो स्वतःचाच वाटतो. जे कोणी म्हटलंच नाही, ते खोडायचं कसं? रिपब्लिकन पक्षाने आरडाओरडा केला, तेव्हा वार कोणावर होता हे उलट पक्कं झालं. बातम्यांमध्ये ती जाहिरात फुकट दाखवली गेली.

कायद्याचा इथे फारसा उपयोग नाही. अमेरिकेत उमेदवाराने दिलेल्या जाहिरातीला प्रसारण केंद्र कात्री लावू शकत नाही, मजकूर खोटा असला तरी. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधलं कलम १२३(४) उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल जाणूनबुजून खोटं विधान प्रसिद्ध करणं भ्रष्ट आचार ठरवतं. पण त्यासाठी आधी विधान हवं. फूल, मुलगी आणि स्फोट यांत विधान कुठलं?

मला मात्र या जाहिरातीतली सर्वांत मोठी दिशाभूल गोल्डवॉटर यांच्याबद्दलची वाटत नाही. ती जॉन्सन यांच्याबद्दलची आहे. समोरच्याला युद्धखोर रंगवलं की आपण आपोआप शांतिदूत ठरतो. जाहिरात प्रसारित होण्याच्या बरोबर एक महिना आधी, ७ ऑगस्टला, अमेरिकी काँग्रेसने टोंकिन ठराव मंजूर करून व्हिएतनाममध्ये बळ वापरण्याची मोकळीक जॉन्सन यांना दिली होती. ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्या ॲक्रन शहरात ते सांगत होते की आशियाई तरुणांनी स्वतः लढायची लढाई लढायला आम्ही आमची मुलं हजारो मैलांवर पाठवणार नाही. मतदारांनी विश्वास ठेवला : ६१ टक्के मतं, ४४ राज्यं. २ मार्च १९६५ला उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू झाली आणि ८ मार्चला अमेरिकी मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी आणि लाखो व्हिएतनामी माणसं मेली. मत देताना व्हिएतनामचा प्रश्न मतदारापुढे धडपणे आलाच नाही. त्याची नजर त्या चिमुरडीवर खिळवून ठेवली होती.

पुढच्या भागात १९८८ची बुश-डुकाकिस लढत पाहू. तिथे एका कैद्याचा चेहरा आणि तुरुंगातल्या रजेची योजना प्रचारात आली, आणि वंशद्वेषाचं नाव न घेता तो कसा पेटवला गेला, ते तपशिलात बघू.