चावी फिरवलीसा काय?

जुलैत कोल्हापुरात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ‘किती फूट?’ असा असतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती चढली, एवढंच त्यात विचारायचं असतं. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात नदी 55 फुटांवर गेली, त्या वेळी आमची गाडी आधीच राजारामपुरीत बहिणीच्या दारात नेऊन लावली होती. 2021 च्या जुलैत मात्र पाणी रात्रीत वाढलं. आम्ही दोन कपडे घेऊन बाहेर पडलो, गाडी नागाळा पार्कातल्या पार्किंगमध्येच राहिली. आकडा 56 च्या पुढं गेला आणि गाडीच्या डॅशबोर्डावर गाळाची रेघ उमटली.

पाणी ओसरल्यावर शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींना फोन केला. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? “वैनी, चावी फिरवलीसा काय?”

“नाही.”

“मग बरं केलंसा. आता कुणी कितीबी सांगू द्या, फिरवू नगासा. हाय तशी उचलून आणतो.”

त्यांनी असं का विचारलं, ते मला दोन महिन्यांनी कळलं. विमा कंपनीनं सीट, गालिचा, वायरिंग यांचे पैसे मंजूर केले आणि इंजिनापुढं शून्य लिहिलं. पत्रातलं कारण एका ओळीचं होतं: पाणी शिरलेलं इंजिन सुरू केल्यामुळे झालेलं नुकसान हे परिणामी नुकसान आहे, ते पॉलिसीत बसत नाही.

मी सहकारी बँकेत 31 वर्षं कर्जाची कागदपत्रं वाचली आहेत, म्हणून पॉलिसी काढून वाचली. पूर, वादळ, गारपीट यांनी होणारं नुकसान भरून द्यायचं, हे त्यात छापलेलंच असतं. वगळलेल्या गोष्टींत परिणामी नुकसान, झीज आणि यांत्रिक बिघाड येतो. म्हणजे भांडण पुराबद्दल नव्हतंच, चावीबद्दल होतं.

उभ्या गाडीच्या इंजिनात पाणी शिरलं तर ते एअर फिल्टरमधून, सायलेन्सरमधून हळूहळू आत जातं. तेल खराब होतं, बोअरला गंज चढतो. ते पुराचं थेट नुकसान. पण सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वर येऊन पाण्यावर आपटतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपन्या म्हणतात, हे पुरानं नाही, तुम्ही केलंत. सर्व्हेअरनं माझं इंजिन उघडलंच नव्हतं. डिपस्टिकवरचं दुधाच्या चहासारखं तेल पाहून त्यांनी ‘स्टार्ट केलं असावं’ असं लिहिलं. त्यांच्या अहवालाची प्रत मागून घेतली तेव्हा तो ‘असावं’ मला दिसला. ही प्रत मागितल्यावर मिळते. जरूर मागावी.

मिस्त्री म्हणाले, “इंजिन खोटं बोलत न्हाई. हेड उतरू या.” मी कंपनीला ईमेल करून कळवलं की अमुक दिवशी इंजिन उघडतोय, तुमचा माणूस पाठवा. कुणी आलं नाही. मिस्त्रींनी हेड उतरवलं आणि क्रँक हातानं फिरवून एकेक पिस्टन वरच्या टोकाला आणला. चारही ब्लॉकच्या कडेशी सारखेच आले. रॉड वाकला असता तर तो पिस्टन खालीच राहिला असता. प्रत्येकाजवळ गेज धरून फोटो काढले, बोअरमधल्या गंजाच्या कड्यांचेही काढले. गाडी चाकांवर न चालवता उचलून आणल्याचं टोइंगचं बिल जोडलं.

आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लिहावं लागतं. महिनाभर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्या जिल्ह्याला पुण्याचं कार्यालय लागतं. फी नाही, वकील चालत नाही, कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं. तेव्हा 30 लाखांपर्यंतचे दावे तिथं घेत, आता 50 लाखांपर्यंत घेतात. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, तिथं दोन वर्षांची मुदत असते, पण एकच तक्रार दोन्हीकडे एकाच वेळी चालत नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधून ठेवतो. आपल्याला पटला नाही तर आपण पुढं जाऊ शकतो.

सुनावणी व्हिडिओवर झाली. फोटो पाहिल्यावर कंपनीच्या अधिकाऱ्यांनी चावी सोडली आणि नवाच मुद्दा काढला: पूर येणार हे माहीत असताना गाडी हलवली का नाही? मला घाम फुटला, कारण हे मी स्वतःलाही विचारत होते. पण नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढं करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या खटल्यात सांगितलं आहे. ते मी टिपून ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं.

इंजिनाच्या 92 हजारांपैकी 61 हजार मिळाले. गाडी साडेतीन वर्षांची, म्हणून धातूच्या भागांवर 25 टक्के घसारा कापला, रबर आणि प्लॅस्टिकवर 50. मजुरी पूर्ण दिली. तेल-कूलंटचे पैसे नाहीत. ही वजाबाकी मला गैर वाटली नाही, ती पॉलिसीत लिहिलेली होती. नूतनीकरण करताना इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलं. आधीच्या वर्षी एजंटनं ते विचारलंही होतं, मीच ‘कशाला’ म्हटलं होतं.

आमच्याच रांगेतल्या शेजाऱ्यांनी पाणी उतरल्याबरोबर गाडी सुरू करून पाहिली होती. त्यांचा तिसरा पिस्टन खाली राहिला. पत्र त्यांनाही तेच आलं आणि अर्ज लिहून द्यायला ते माझ्याकडे आले. चिखल पुसून गाडी चालू होते का बघणं हा कुणाचाही पहिला हात असतो, करू नका असं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. हे मी दीड पान लिहिलं. त्यांना ‘गाडी सुरू केली नाही’ एवढंच वाक्य हवं होतं. ते मी लिहिलं नाही. दिवाळीपर्यंत ते पार्किंगमध्ये माझ्याशी बोलत नव्हते.