जमिनीवर पडलेला चिमटा : परिचर्या अभ्यासक्रमातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापनाविषयी

परिचर्या अभ्यासक्रमाच्या प्रारंभीच सूक्ष्मजीवशास्त्र व प्रतिकारशास्त्र यांचा परिचय करून दिला जातो. ‘जंतुनाशन’ आणि ‘निर्जंतुकीकरण’ यांच्या व्याख्या विद्यार्थिनी मुखोद्गत करतात. परंतु या दोहोंतील अंतर जीवावर कसे बेतते, हे व्याख्येतून उमगत नाही. त्यासाठी मुलकोवालची घटना वर्गात सविस्तर सांगावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मुंबईत परळ येथील प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, तयार झालेली प्लेगची लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका लसीचे जनक वाल्डेमार हाफकिन यांच्यावर आला. रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये त्यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कोठे ते दोषमुक्त ठरले. बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो केवळ कार्बोलिक द्रावणात बुचकळून पुन्हा वापरला गेला होता. दूषितीकरण बाटली उघडतेवेळीच झाले, ही शक्यता अखेर बलवत्तर मानली गेली.

क्लॉस्ट्रिडियम टिटॅनी या जिवाणूचे बीजाणू मातीत व जनावरांच्या शेणात असतात. नेहमीच्या जंतुनाशकांना, किंबहुना काही काळ उकळत्या पाण्यालाही, ते दाद देत नाहीत. १२१ अंश सेल्सिअसची दाबयुक्त वाफ मात्र साधारण १५ मिनिटांत त्यांचा नाश करते. (हातांना चोळावयाच्या अल्कोहोलनेही बीजाणू मरत नाहीत, हे येथेच सांगून टाकावे.)

प्रतिकारशास्त्राचा धडाही याच घटनेतून सुरू करता येतो. लस प्लेगची, मग तिने धनुर्वात का रोखला नाही? येथे प्रतिपिंडांची विशिष्टता शिकविता येते. त्याहून अवघड प्रश्न असा, की धनुर्वातातून बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस का द्यावी लागते? या जिवाणूचे विष इतके तीव्र असते, की प्रतिक्षमता जागृत होण्यास पुरेल त्याहून कमी मात्रेतच ते प्राणघातक ठरते. म्हणून रोग होऊन गेला तरी संरक्षण लाभत नाही. रुग्णाला तयार प्रतिपिंडे एका जागी व लस दुसऱ्या जागी टोचतात, त्याचे कारण यानंतर निराळे समजावावे लागत नाही.

प्रात्यक्षिकाच्या वेळी ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या गाठोड्यावरील पट्टीचा रंग बदललेला दिसताच विद्यार्थिनी निर्धास्त होतात. ती पट्टी गाठोड्याला उष्णता लागल्याचे दर्शविते, आतील बीजाणू मेल्याचे नव्हे. ते पडताळण्यासाठी उष्णतेस चिवट अशा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची कुपी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात व नंतर ५५ ते ६० अंशांवर उबवून तिच्यात वाढ होते का ते पाहतात.