ताटाची डावी बाजू सांभाळा

'अंगावरून वारे गेले' म्हणून रुग्णाला घेऊन येणारे नातेवाईक हमखास सांगतात, ''डॉक्टरसाहेब, काल रात्रीपर्यंत अगदी ठणठणीत होते हो!'' तपासल्यावर बहुधा आढळते, की रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेलाच होता. तो दुखत नाही, म्हणून कोणी मोजला नव्हता इतकेच.

वाढलेला रक्तदाब हे पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण. त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या कडक व अरुंद होतात. मग एखादीत गुठळी अडकते किंवा ती फुटते.

आपले सोलापूरचे जेवण मुळात वाईट नाही. ज्वारीच्या भाकरीत चोथा भरपूर. डाळ, पालेभाजी, डाळिंब यांतून पोटॅशियम मिळते आणि ते जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकण्यास मदत करते. घोटाळा होतो तो ताटाच्या डाव्या बाजूला! तिथे शेंगाचटणी, लोणचे, पापड आणि वर चिमूटभर मीठ. शेंगदाणा चांगलाच, चटणीतले मीठ मात्र निम्मे करा, लसूण-जिरे वाढवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर मीठ पुरे. घरी हिशेब करून पाहा. चार माणसांत 1 किलोचा पुडा निदान 50 दिवस पुरला पाहिजे. महिन्यात संपत असेल, तर माणशी रोज 8 ग्रॅम झाले. फरसाण आणि खारी बिस्किटे वेगळीच!

चीनमधील 600 खेड्यांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियममिश्रित मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना ते मीठ धोक्याचे ठरू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबरही ते चालत नाही. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

मीठ कमी केले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. तंबाखू-बिडीही सोडा.

आणि एक लक्षात ठेवा. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तेल चोळत बसू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या.