राजीनामा आला, वेबहुक गेला, आणि लॉगिन बंद

(बोललेल्या भागाचं हे लिखित रूप आहे. मधले ‘अं’, ‘म्हणजे कसं’ बरेचसे काढलेत, सगळे नाही.)

आजचा विषय वेबहुक, आणि तोही एचआरच्या कामात. कोडिंग येतं त्यांनी लगेच पुढे ढकलू नका आणि येत नाही त्यांनी घाबरू नका. कोडची एकही ओळ मी वाचून दाखवणार नाहीये.

समजा, ऐंशी-नव्वद माणसांची एक कंपनी आहे. एचआरमध्ये दोघीजणी. गुरुवारी एका मुलाने ऑफर लेटरवर सही केली, सोमवारी तो जॉइन होणार. बातमी एकच, पण ती पोचवायची किती जणांना? आयटीला, कारण लॅपटॉप आणि ईमेल आयडी हवाय. अकाउंट्सला, कारण पगाराचं खातं, पॅन, आधीच्या नोकरीतला यूएएन नंबर हवाय. अ‍ॅडमिनला गेटच्या कार्डासाठी. आणि ज्याच्या हाताखाली तो काम करणार त्या मॅनेजरला तर हवंच. हे आज कसं चालतं? एक एक्सेल शीट, चार मेल, दोन व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि शेवटी ‘अगं, मी सांगितलं होतं ना तुला!’ यातला एक निरोप राहिला की सोमवारी तो मुलगा रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून राहतो. पहिल्या नोकरीचा पहिला दिवस. संध्याकाळी घरी काय सांगणार तो?

हा निरोप पोचवायचं काम मशीनकडे द्यायचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता म्हणजे चौकशीची खिडकी. एसटी स्टँडवर आपण दर पाच मिनिटांनी जाऊन विचारतो, ‘आली का हो गाडी?’ ‘नाही.’ पुन्हा पाच मिनिटांनी, ‘आली का?’ एक सॉफ्टवेअर दुसऱ्याला असं सारखं विचारत राहतं, त्याला पोलिंग म्हणतात. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा उत्तर ‘नाही’.

दुसरा रस्ता म्हणजे मिस्ड कॉल. ‘पोचलास की मिस्ड कॉल दे रे.’ झालं. आपण आपलं काम करत बसायचं, गोष्ट घडली की फोन वाजेल. वेबहुक हाच. हा शब्द 2007 च्या सुमारास जेफ लिंडसे या प्रोग्रॅमरने रूढ केला. मिस्ड कॉलची उपमा नीट लक्षात ठेवा, कारण सगळा भाग तिच्यावरच उभा आहे.

आतून काय होतं ते थोडक्यात. तुम्ही एचआरच्या सॉफ्टवेअरला एक पत्ता देऊन ठेवता, म्हणजे एक यूआरएल. सांगता की उमेदवाराचं स्टेटस ‘हायर्ड’ झालं की या पत्त्यावर कळव. घटना घडली की ते सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर एक एचटीटीपी पोस्ट रिक्वेस्ट पाठवतं. आत जेसनमध्ये मजकूर असतो: काय घडलं, कुणाच्या बाबतीत, कधी. पलीकडचा सर्व्हर ‘200’ असं उत्तर देतो, म्हणजे ‘मिळालं’. मग तो सर्व्हर आयटीचं तिकीट उघडतो, स्लॅकवर मॅनेजरला मेसेज टाकतो, अकाउंट्सच्या यादीत एक ओळ वाढवतो. भरतीसाठीच्या ग्रीनहाउससारख्या टूलमध्ये किंवा आपल्याकडच्या झोहो पीपलमध्ये अशी सोय आहे.

इथपर्यंत सगळे यूट्यूब व्हिडिओ सांगतात. खरी गंमत पुढे आहे.

घडलं म्हणजे आत्ताच करायचं असं नाही

जॉइनिंग जमलं की लोक उत्साहाने दुसरं टोक जोडतात: नोकरी सोडणारा माणूस. हेतू चांगला असतो. माणूस गेला तरी त्याचं लॉगिन महिनोन्‌महिने चालू राहणं ही कुठल्याही कंपनीसाठी धोक्याची गोष्ट. म्हणून नियम लावतात की स्टेटस ‘रिझाइन्ड’ झालं की अकाउंट बंद.

आता बघा काय होतं. ताईने मंगळवारी राजीनामा दिला. नोटीस पिरियड साठ दिवसांचा. एचआरने त्याच दिवशी सिस्टिममध्ये नोंद केली. वेबहुक गेला. दुपारी जेवून ताई जागेवर येते तर ईमेल बंद, गेटचं कार्ड बंद. सगळ्या टीमला वाटतं, हिला काढलं वाटतं. अजून साठ दिवस तिला याच लोकांत काम करायचंय.

यात वेबहुकची काही चूक नाही. त्याने खरंच सांगितलं की राजीनाम्याची नोंद झाली. ‘आत्ता बंद कर’ असं तो म्हणालाच नव्हता, ते आपण गृहीत धरलं. घटना घडल्याची तारीख वेगळी आणि ती लागू व्हायची तारीख वेगळी. वेबहुक आला की शेवटच्या दिवसाची तारीख वाचायची, त्या दिवसासाठी काम लावून ठेवायचं आणि त्या दिवशी करण्याआधी पुन्हा एकदा विचारायचं.

पुन्हा का? कारण ताईने मधे राजीनामा मागे घेतला असेल. आणि अजून एक खोच आहे. निरोप ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने पोचतील याची खात्री नसते. पहिला निरोप अडकला, थोड्या वेळाने परत पाठवला गेला, तोवर दुसरा पोचलाही. म्हणजे तुमच्या सर्व्हरला आधी कळतं ‘मागे घेतला’ आणि नंतर कळतं ‘दिला’.

म्हणून मिस्ड कॉल. मिस्ड कॉल आला की आपण काय करतो? उलट फोन करतो. वेबहुकचंही तसंच ठेवा. निरोपात फक्त घटनेचं नाव आणि एम्प्लॉयी नंबर. तो मिळाला की तुमचा सर्व्हर मूळ एचआर सिस्टिमला एपीआयवरून विचारेल, ‘या नंबरची आत्ताची स्थिती काय?’ उत्तर नेहमी ताजं. निरोप उलटसुलट आले तरी बिघडत नाही.

याचा दुसरा फायदा मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. निरोपात पगार, आधार, बँक खातं नसेल तर ते वाटेत कुठे सांडणारही नाही. हे निरोप लॉगमध्ये साठतात, टेस्ट करताना कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड कंपनीला होईल हो, पण पगाराचा आकडा ग्रुपवर फिरला तर लाज ज्याची त्याला.

एकच अहेर दोनदा लिहिला तर?

वेबहुक पाठवणाऱ्याला ‘200’ वेळेत मिळालं नाही की त्याला वाटतं निरोप पोचला नाही. मग बरेच जण तो पुन्हा पाठवतात. पेमेंटवाली स्ट्राइप तर तीन दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहते. गिटहब 10 सेकंद थांबतं आणि स्वतःहून पुन्हा पाठवतच नाही. म्हणजे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. तुमचं एचआर सॉफ्टवेअर काय करतं ते त्याच्या मदत-पानावर आधी वाचा.

पुन्हा आलेला निरोप ओळखता आला नाही तर एका माणसासाठी दोन लॅपटॉपची ऑर्डर जाते, किंवा शेवटच्या हिशोबात रजेचे पैसे दोनदा धरले जातात. लग्नात अहेराची वही घेऊन बसलेले काका काय करतात? नाव आधी लिहिलंय का बघतात, मग पाकीट नोंदवतात. प्रत्येक निरोपाला सहसा एक आयडी असतो. तो वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये आहे का बघा. असेल तर ‘200’ म्हणा आणि काहीच करू नका. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी नोंद, मग लगेच ‘मिळालं’, मग निवांत पुढचं काम. उत्तर द्यायच्या आधीच सहा कामं करत बसलात तर पलीकडचा कंटाळून पुन्हा पाठवणारच.

आणि निरोप आलाच नाही तर? तुमचा सर्व्हर रात्रभर बंद होता, असं होतं. यावर उपाय म्हणजे ती जुनी चौकशीची खिडकी. दररोज रात्री एकदा मूळ सिस्टिमला विचारायचं, ‘आज कुणाकुणाचं स्टेटस बदललं?’ आणि वहीशी ताळा करायचा. हे ऐच्छिक समजू नका. वेतन संहिता, 2019 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्या कलम 17 प्रमाणे राजीनामा दिलेल्याचं किंवा कामावरून काढलेल्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. पूर्वी ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालून जायचं. आता एक निरोप हरवला तर कुणाचा तरी घरभाड्याचा हप्ता चुकतो आणि कंपनी कायदाही मोडते.

खोटा मिस्ड कॉल

ज्याला तुमचा यूआरएल कळला तो तिथे काहीही पाठवू शकतो. ‘अमुक नंबरचा माणूस गेला, अकाउंट बंद करा.’ म्हणून सही तपासायची. दोन्ही बाजूंकडे एक गुप्त शब्द असतो. पाठवणारा त्या शब्दाने आणि मजकुराने मिळून एक शिक्का तयार करतो, त्याला एचमॅक म्हणतात, आणि तो हेडरमध्ये जोडतो. तुम्ही तसाच शिक्का इकडे काढून जुळवायचा. जुळला नाही तर निरोप टाकून द्यायचा.

इथे फुकटात करणाऱ्यांसाठी एक सूचना. गूगल अ‍ॅप्स स्क्रिप्टवर वेबहुक घेणं सोपं आहे, बरेच जण तिथूनच सुरू करतात. पण त्यात आलेल्या रिक्वेस्टचे हेडर वाचता येत नाहीत, म्हणजे हेडरमधली सही तपासताच येत नाही. शिकायला उत्तम. लोकांचे लॉगिन बंद करायला नको. त्यासाठी स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारं एनएटएन बघा. त्यात टेस्टचा पत्ता वेगळा आणि प्रॉडक्शनचा वेगळा असतो. टेस्टचा पत्ता देऊन घरी गेलात तर सकाळी काहीच आलेलं नसेल.

जाता जाता: वाढदिवसाच्या शुभेच्छांना वेबहुक लागत नाही. वाढदिवस ‘घडत’ नाही, तो कॅलेंडरमध्ये आधीच असतो. त्याला रोज सकाळी चालणारं शेड्यूल पुरतं.

आणि माझं मत विचाराल तर लॅपटॉप, ईमेल, कार्ड, स्मरणपत्रं बिनधास्त जोडा. पण पगार कापणं, मुदतीआधी लॉगिन बंद करणं, प्रोबेशन संपवल्याचं पत्र या तीन ठिकाणी वेबहुकने फक्त एचआरच्या ताईसमोर एक बटण आणून ठेवावं. दाबेल ती.

पुढच्या भागात शेड्यूलवर चालणाऱ्या कामांबद्दल, म्हणजे क्रॉनबद्दल बोलू. रात्रीचा ताळा कसा लावायचा ते तिथे सविस्तर येईल. भेटूच.