हवाप्रवाह संवेदकाची सफाई: हात न लावता

२०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळांचे थवे राजस्थानातून मध्य प्रदेशात आणि पुढे विदर्भापर्यंत पोहोचले, तेव्हा नियंत्रण पथकांचे वेळापत्रक टोळांनीच ठरवले होते. थवा सूर्यास्ताच्या सुमारास झाडाझुडपांवर उतरतो आणि सकाळी ऊन तापले की पुन्हा उडतो. फवारणीला हाती लागतो तो मधला अवधी, मुख्यतः पहाटेचा. नेमके त्याच वेळी फवारणी यंत्र बसवलेले वाहन वाळूच्या चढावर धापा टाकू लागले, तर थवा हातचा जातो. वाहन असे दुबळे होण्याची कारणे अनेक असतात. धुळीच्या मुलुखात त्यांपैकी एक मात्र इंजिनाच्या पोटात नसून हवेच्या वाटेवर, एअर फिल्टरच्या लगेच पुढे असते. ते म्हणजे हवाप्रवाह संवेदक, गॅरेजच्या भाषेत एअरफ्लो सेन्सर.

या संवेदकाचे तत्त्व जुने आहे. वाऱ्याच्या झोतात धरलेली तापलेली तार किती उष्णता गमावते, याचे गणित कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडले. कामगंधाच्या झोतात पतंग कसा उडतो हे पाहण्यासाठी कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वायुबोगदा असतो; त्यातील वाऱ्याचा वेग ज्या तप्ततार वेगमापकाने मोजतात, तोही याच तत्त्वावर चालतो. वाहनाच्या संवेदकात प्लॅटिनमची बारीक तार, किंवा नव्या रचनेत तापवलेला अतिशय पातळ पापुद्रा, आत येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी उष्ण ठेवला जातो. हवा जितकी अधिक, तितकी ती उष्णता अधिक नेते आणि तापमान टिकवण्यासाठी विद्युत्प्रवाह अधिक लागतो. त्या प्रवाहावरून इंजिनाचा नियंत्रक संगणक हवेचे वस्तुमान ओळखतो.

तारेवर तेलकट थर बसला आणि त्यावर धूळ चिकटली, की तो थर गोधडीसारखे काम करतो. उष्णता कमी जाते, प्रवाह कमी लागतो आणि हवा आहे त्याहून कमी असल्याचा समज संगणक करून घेतो. डिझेल इंजिनात मग काळा धूर टाळण्यासाठी इंधन आखडते घेतले जाते व जोर नाहीसा होतो. पेट्रोल इंजिनात मिश्रण विरळ होऊन गाडी उभी असताना इंजिन थरथरते. जुन्या तप्ततार संवेदकांपैकी काहींत इंजिन बंद केल्यावर तार क्षणभर सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मळ जाळून टाकण्याची सोय होती. पापुद्र्याच्या संवेदकांत ती सर्वसाधारणपणे नसते, म्हणून सफाई माणसाला करावी लागते. खरा धोका येथेच सुरू होतो. कारण मळाने आजारी झालेला संवेदक बहुधा बरा होतो, पण चुकीच्या हाताने साफ केलेला संवेदक कायमचा जातो.

कीटक संशोधकाच्या पेटीत दोन मोहात पाडणाऱ्या वस्तू नेहमी असतात: फुलकिडे उचलण्याचा मऊ कुंचला आणि नमुने जपण्याचे सत्तर टक्के अल्कोहोल. दोन्ही दूर ठेवाव्यात. जो कुंचला फुलकिड्याचा पाय मोडत नाही, तो तार तोडू शकतो. सत्तर टक्के अल्कोहोलातील उरलेला भाग पाणी असते, तर हात निर्जंतुक करण्याच्या द्रवात बहुधा ग्लिसरीन असते व ते मागे थर सोडते. कार्बोरेटर किंवा ब्रेक साफ करण्याचे फवारे प्लास्टिकला इजा करू शकतात. टायरच्या दुकानातील कंप्रेसरची हवा तर सर्वांत वाईट. पापुद्रा एका झोतात फाटतो. केवळ हवाप्रवाह संवेदकासाठी बनवलेला, प्लास्टिकला निर्धोक आणि मागे काही न ठेवता उडून जाणारा फवाराच वापरावा. तो ज्वालाग्राही असल्याने काम उघड्यावर, विडी-काडीपासून दूर, चष्मा व हातमोजे घालून करावे.

इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे, किल्ली काढावी, बॅटरीची ऋण तार सोडवावी. फिल्टरपेटीभोवतीची धूळ आधी फडक्याने पुसून घ्यावी, नाहीतर संवेदक काढताच ती आत पडते. जोडणीचा खटका दाबून प्लग ओढावा. तारा ओढू नयेत. स्क्रू काढून संवेदक सरळ वर उचलावा, त्याची रबरी कडी जपावी आणि उघडे भोक स्वच्छ कापडाने झाकावे. मग दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावरून दहा-पंधरा आखूड फवारे सर्व बाजूंनी मारावेत. पुसू नये, फुंकू नये, आपटून झटकू नये. मळ द्रवासोबत ओघळू द्यावा. त्यानंतर सावलीत किमान अर्धा तास वाळवावे. ओला संवेदक बसवून किल्ली फिरवणे म्हणजे ज्वालाग्राही वाफेत तापलेली तार नेणे होय. परत बसवताना हवेच्या दिशेचा बाण पाहावा व स्क्रू हलक्या हाताने आवळावेत.

एवढ्यानेही जोर परतला नाही, तर लगेच नवा संवेदक घेण्याआधी हवेच्या नळीला चीर गेली आहे का, हे पाहावे. तिची लक्षणे हुबेहूब अशीच असतात. जोर परतला, तरी मळ आला कुठून हा प्रश्न उरतोच. तेलात भिजवून वापरायच्या सुती फिल्टरला गरजेपेक्षा जास्त तेल लावले, तर ते तारेवर येते. कंप्रेसरने वारंवार झोडपलेला कागदी फिल्टर बारीक भोकांनी चाळणीसारखा होतो, आणि पेटीचे झाकण नीट न बसल्यास धूळ कडेने शिरते. पेटी उघडावी, फिल्टर उजेडासमोर धरावा आणि त्याच्या स्वच्छ बाजूला पाहावे. तेथे एखाद्या पतंगाचा पंख सापडला, तर वाट कुठून आहे ते झाकणाची कड बोटाने चाचपताच कळते.