डायलिसिसच्या द्रवातली साखर करपू नये म्हणून

कढईत साखर घालून ती गॅसवर ठेवली, की आधी वितळते, मग पिवळसर होते, नंतर तपकिरी. आणि लक्ष नसेल तर करपून कडू होते. ही गोष्ट कोणत्याही गृहिणीला सांगायला नको. पण उष्णतेने साखरेत होणारा काहीसा असाच बदल मूत्रपिंडाच्या रुग्णांना लागणाऱ्या एका द्रवातही होतो. तो कमी करण्यासाठी शास्त्रज्ञांना बरीच वर्षे खटपट करावी लागली.

पोटातच गाळणी

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, की रक्तातील टाकाऊ द्रव्ये आणि जास्तीचे पाणी बाहेर काढण्यासाठी डायलिसिस करावे लागते. आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयात जाऊन यंत्रावर केले जाणारे डायलिसिस बहुतेकांना ऐकून माहीत असते. दुसरा प्रकार घरच्या घरी करता येतो. तो म्हणजे पोटाचे डायलिसिस.

आपल्या पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो. त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. छोटी शस्त्रक्रिया करून पोटात एक मऊ नळी बसवतात. तिच्यातून साधारण २ लिटर द्रव आत सोडतात आणि काही तासांनी बाहेर काढतात. बहुधा दिवसातून चार वेळा हे करावे लागते. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत पोपोविच आणि मॉनक्रिफ या दोघांनी ही पद्धत पुढे आणली. भारतात ती १९९०च्या दशकात रुजू लागली.

या द्रवात साखर, म्हणजे ग्लुकोज, कशासाठी असते? साखरांब्यासाठी कैरीच्या फोडींना साखर लावली, की त्यांना पाणी सुटते. तसेच ही साखर रक्तातील जास्तीचे पाणी पडद्यातून ओढून घेते.

उष्णतेचा उपकार आणि अपकार

पोटात सोडायचा द्रव पूर्णपणे जंतुरहित हवा. त्यासाठी भरलेल्या पिशव्या साधारण १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेत दाबाखाली ठेवतात. प्रेशर कुकरचेच हे मोठे रूप. जंतू मरतात, पण त्याच उष्णतेने थोडे ग्लुकोज मोडते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड, मिथाइलग्लायॉक्सॉल यांसारखी घातक संयुगे तयार होतात. त्यांचे प्रमाण अगदी अल्प असते. पण रोज आठ लिटर द्रव, तोही वर्षानुवर्षे, म्हटल्यावर अल्पही महत्त्वाचे ठरते.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, उष्णतेने निर्जंतुक केलेल्या द्रवात पेशींची वाढ खुंटल्याचे दिसले. तोच द्रव केवळ सूक्ष्म गाळणीतून गाळून घेतला, तर तसे होत नव्हते. दोष साखर तापवण्यात होता. अशी संयुगे पडद्याच्या पेशींना इजा करतात. खुद्द ग्लुकोजचा माराही असतोच. हळूहळू पडदा जाड होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि साखर लवकर शोषली जाऊ लागते. मग पाणी पुरेसे निघत नाही आणि रुग्णाला यंत्राकडे वळावे लागते.

एका पिशवीचे दोन कप्पे

मग सगळा द्रव गाळूनच का वापरू नये? कारण बंद पिशवी शेवटी तापवण्याइतकी जंतूंविरुद्धची खात्री गाळण्याने मिळत नाही. तापवणे तर सोडता येत नव्हते. म्हणून तापवताना साखर कशी ठेवायची, याचा विचार झाला. द्रव बराच आम्लधर्मी असेल, तर उष्णतेतही ग्लुकोज कमी मोडते. पण इतका आंबट द्रव पोटात सोडता येत नाही.

यावरचा तोडगा सोपा निघाला. एकाच पिशवीत दोन कप्पे करायचे. एकात आम्लधर्मी ग्लुकोज, दुसऱ्यात आम्लता घालवणारा क्षार. दोन्ही वेगवेगळे तापवायचे आणि वापरायच्या वेळी मधली शिवण उघडून एकत्र करायचे. असा द्रव रक्ताइतकाच सौम्य होतो आणि त्यात घातक संयुगे पुष्कळ कमी असतात. १९९०च्या दशकात युरोपात अशा पिशव्या वापरात आल्या.

फायदा किती?

अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर असे दिसले, की या द्रवामुळे रुग्णाच्या मूत्रपिंडांची उरलीसुरली शक्ती आणि लघवीचे प्रमाण अधिक काळ टिकते. दिवसाला थोडी लघवी होत असेल, तर पाणी पिण्यावरची बंधने सैल राहतात. ज्याने घोट मोजून पाणी प्यायले आहे, त्यालाच याची किंमत कळेल. मात्र या द्रवाने आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही. शिवाय अशा पिशव्या सामान्यतः महाग असतात. म्हणून साधा द्रव वापरणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. त्यावरही असंख्य रुग्ण चांगले जगले आहेत. कोणता द्रव योग्य, हे आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

घरच्यांनी काय जपावे?

● दोन कप्प्यांची पिशवी असेल, तर द्रव सोडण्याआधी मधली शिवण पूर्ण उघडून दोन्ही भाग एकत्र झाल्याची खात्री करा. एकाच कप्प्यातील द्रव पोटात जाणे धोक्याचे असते.

● पिशव्या उन्हात, चुलीजवळ किंवा गच्चीवरच्या तापलेल्या खोलीत ठेवू नका. पिशवीवर छापलेले तापमान पाळा.

● द्रव कोमट करायला पिशवी गरम पाण्यात बुडवू नका. नर्सने शिकवलेली कोरडी पद्धतच वापरा.

● प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, तोंडाला मास्क लावा, पंखा बंद ठेवा.

● बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला किंवा पोट दुखू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. हे पोटातील जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. त्याच वेळी डॉक्टरांना कळवा आणि ती पिशवी जपून ठेवा.

पिशवीतला द्रव अधिक निर्धोक करण्याचे काम प्रयोगशाळेत झाले आहे. पण स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, दिवसातून चार वेळा, न कंटाळता घेतलेल्या काळजीला दुसरा पर्याय नाही.